उधाणानं टाकलेलं

आमच्या फ्रेममधला पहिला शिंपला पडला तो रात्री, आणि घरात उंदीर शिरला असं समजून सगळे उठले. पुढे त्या आवाजाची सवय झाली. आठवड्याला एक-दोन पडायचे. दुसऱ्या गणपतीपर्यंत फ्रेमवर निम्मे शिंपले आणि निम्मे वाळलेल्या पांढऱ्या गोंदाचे टिपके उरले. ज्या फोटोसाठी हा सगळा खटाटोप केला होता, तो फोटो दमट हवेनं फुगून काचेला आतून चिकटला होता.

'टाकाऊतून टिकाऊ' हा शब्द आपल्या कानावर पडतो शाळेत, कार्यानुभवाच्या तासाला. आइस्क्रीमच्या काड्यांचं पेनस्टँड, काडेपेट्यांचा सोफा, अंड्याच्या टरफलाचा विदूषक. मार्क मिळाले की वस्तू माळ्यावर जाते आणि दिवाळीच्या आवराआवरीत कचऱ्यात. म्हणजे टाकाऊतून पुन्हा टाकाऊच, मध्ये थोडा गोंद. याउलट आजीची गोधडी घ्या. सुती लुगड्यांचे थर, जुन्या धोतराचं अस्तर, वरून धावदोरा. तिला कुणी कलाकृती म्हटलं नाही, पण तीस वर्षं ती अंगावर होती. फाटली तेव्हा तिच्यावर नवी साडी चढली आणि ती दुसऱ्या गोधडीच्या पोटात गेली. माझं मत असं बनलंय की वस्तू चिकटवण्यानं टिकत नाही. तिला घरात काम मिळालं तर ती टिकते.

हे मला कळलं उत्तनच्या किनाऱ्यावर, आणि तेही फ्रेम मोडल्यानंतर.

भाईंदर पश्चिमेला स्टेशनबाहेर बस पकडली की मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी अशी गावं मागे टाकत उत्तन येतं. वाटेत मिठागरं लागतात. पुढे पाली, चौक, भाटेबंदर. हा सगळा पट्टा जुन्या धारावी बेटाचा. इथल्या किल्ल्यासाठी चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेत मराठे आणि पोर्तुगीज झगडले, आणि १७३९ मध्ये वसई पडली. आज इथं कोळ्यांची, त्यातही ख्रिस्ती कोळ्यांची मोठी वस्ती आहे, बोटी आहेत, आणि पावसाळा सरला की बोंबील वाळवायच्या वलांडी आहेत. बांबू रोवायचे, त्यांच्यामध्ये दोऱ्या ताणायच्या आणि दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टाकायची. ना हूक, ना गाठ.

त्या दोऱ्या एकदा जवळून पाहा. एक निळी, तिला जोडलेली हिरवी, पुढे करडी, मध्येच जाळ्याच्या काठाचा तुकडा. बोटीवर जी दोरी झिजली, ती वलांडीला येते. तिथं झिजली की कोंबड्यांच्या खुराड्याला, आणि जाळं फाटलं की परसातल्या वांग्यांभोवती कुंपणाला. इथं कुणी हस्तकला करायला बसलेलं नसतं. दोरी आहे, काम आहे, एवढंच.

आता माझ्या फ्रेमचं काय चुकलं ते सांगते. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि बाहेरून खडबडीत दिसला तरी आतून चकचकीत. मी तो गुळगुळीत बाजूनं चिकटवला. त्याआधी धुतला होता, पण वरवर. समुद्राचं मीठ त्याच्या भेगांत तसंच राहिलं. भाईंदरच्या मिठागरांशेजारी राहून हे मला कळायला हवं होतं. जाड मीठ पावसाळ्यात बरणीत पाझरतं, कारण त्यातली मॅग्नेशियमचे क्षार हवेतलं पाणी ओढून घेतात. शिंपल्यातलं मीठही तेच करत राहिलं आणि पाण्यात विरघळणाऱ्या गोंदाला रोज थोडं थोडं सोडवत गेलं. समुद्रावरून आणलेली कुठलीही वस्तू, मग ती लाकूड असो, दोरी असो की शिंपला, गोड्या पाण्याच्या बादलीत तीन-चार दिवस ठेवायची आणि रोज पाणी बदलायचं. शेवटच्या दिवशी वस्तूला जीभ लावून पाहा म्हणणारे लोक आहेत. मी म्हणेन, बादलीतल्या पाण्याचा थेंब काळ्या ताटलीवर वाळवा. पांढरी कड उरली नाही की झालं.

शिंपले उजळ दिसावेत म्हणून व्हिनेगरमध्ये बुडवायचा सल्ला पुष्कळ जण देतात. तो ऐकू नये. आम्लात शिंपला विरघळतो. बुडबुडे येतात ते मळाचे नव्हेत, शिंपल्याचेच. आणि व्हिनेगर वापरून झाल्यावर वर ब्लीच ओतणं तर सरळ धोक्याचं, कारण त्यातून क्लोरीन वायू निघतो. साबण, जुना टूथब्रश आणि ऊन पुरतं. चिकटवायचंच असेल तर मागची बाजू पॉलिश पेपरनं खरवडून दोन नळ्यांचा इपॉक्सी डिंक लावा, किंवा कुंडीवर बसवायचे असतील तर पांढरं सिमेंट. सिमेंटशी शिंपल्याचं जुनं नातं आहे. कोकणपट्टीतल्या जुन्या बांधकामांना लागणारा चुना शिंपले भाजूनच करत.

पण मुळात किनाऱ्यावरून शिंपले आणायची गरज काय? आमच्या घरात ते दर आठवड्याला येतात, पिशवीतून, जिवंत. तिसऱ्या. एकशिपी करायची असेल तर सुरीनं उघडून एक शिंपली फेकायची आणि मांस असलेली दुसरी तव्यात. सुकं केलं तर ताटाच्या कडेला दोन्ही शिंपल्यांचा ढीग. अर्धा किलो तिसऱ्यांमागे मांस मूठभर आणि शिंपल्या बचकभर. घरातली जुनी वस्तू आणि समुद्रावरची वस्तू यांत याहून सोयीचा दुवा मला माहीत नाही.

त्यांना भोक पाडायचं तंत्र एकदा जमलं की सुटत नाही. ड्रिल नको, त्यानं दहातल्या सहा तडकतात. शिंपली उलटी धरली की बिजागरीजवळ एक उंचवटा असतो. तिथून तिची वाढ सुरू झालेली असते आणि पुढच्या वर्तुळाकार रेषा तिथूनच पसरतात. जुन्या पाट्यावर, नसेल तर सिमेंटच्या पायरीवर, पाण्याची धार सोडून तो उंचवटा घासायचा. गोल गोल नाही, एकाच दिशेनं. शंभरेक फेऱ्यांनी तिथं पांढरा ठिपका दिसतो, आणखी थोडं घासलं की ठिपका पारदर्शक होतो आणि मग अचानक आरपार. भोकाच्या कडा आपोआप गुळगुळीत येतात, म्हणून दोरा कापला जात नाही. कोरडं मात्र कधीच घासू नये, ती पूड फुप्फुसाला वाईट.

हे काम समुद्रानं आपल्याआधी केलंय. किनाऱ्यावरचे शिंपले चाळले तर काहींना उंचवट्याजवळच एक नीट गोल भोक दिसेल, बाहेरून रुंद, आत निमुळतं, जणू सुताराच्या गिरमिटानं पाडलेलं. ते वाळूत राहणाऱ्या एका शिकारी गोगलगायीचं काम. ती शिंपल्याला मिठी मारून बसते, शिंपला मऊ करणारा स्राव सोडते आणि दातेरी जिभेनं खरवडत राहते. तासन्‌तास चालतं हे, कधी दिवसभराहूनही जास्त. मग आतला जीव ओढून खाते आणि निघून जाते. आपल्या हाती येतो तयार मणी. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या माळेत असे अकरा आहेत, बाकी सगळ्या घरच्या तिसऱ्या. दोरा जुन्या छत्रीच्या कापडाच्या शिवणीतून उसवलेला. पाऊस यायच्या आधी वारा फिरला की माळ किणकिणते आणि गच्चीवरचे कपडे काढायला कुणीतरी धावतं. काम आहे तिला, म्हणून सहा वर्षं टिकली.

शंखांच्या वाट्याला मात्र मी जात नाही. रिकामा शंख खरं तर रिकामा नसतो, तो भाड्यानं द्यायचा असतो. मऊ पोटाच्या खेकड्यांची एक जात दुसऱ्याच्या शंखात राहते आणि अंग वाढलं की मोठा शंख शोधते. किनाऱ्यावर एक चांगला मोठा शंख पडला की काही वेळा हे खेकडे आकारानं ओळीत उभे राहतात. सर्वांत मोठा नव्या घरात शिरतो, त्याच्या मागचा त्याच्या जुन्या घरात, आणि अशी सगळी रांग एकेक पायरी वर सरकते. एक शंख आपण उचलून शोकेसमध्ये ठेवला की ही साखळी होतच नाही. स्पेनमध्ये कॅटलोनियाच्या एका किनाऱ्यावर संशोधकांनी तीस वर्षांच्या अंतरानं शिंपले मोजले आणि २०१४ मध्ये निष्कर्ष छापले. त्या काळात पर्यटक जवळपास तिप्पट झाले होते आणि शिंपले साधारण एक तृतीयांश उरले होते. सगळा दोष शिंपले वेचणाऱ्यांचाच असं त्यांनी म्हटलेलं नाही, किनारा यंत्रानं साफ करण्यासारखी इतरही कारणं असतात. पण आकडा लक्षात राहतो.

कायद्याचंही थोडं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या यादीत २००१ मध्ये शंख-शिंपल्यांच्या चोवीस जाती आल्या, शिवाय प्रवाळ आणि समुद्रपंखे. हे समुद्रपंखे तुम्ही पाहिले असतील, फक्त समुद्रात नव्हे. काचेच्या चौकटीत, लाल कापडावर, काळ्या फांद्यांची जाळी, दारावर टांगलेली. 'इंद्रजाल' म्हणून विकतात, नजर लागू नये, बाधा होऊ नये म्हणून. लोकांना ते झाड वाटतं. ते झाड नाही. हजारो बारीक प्राण्यांची ती वसाहत, अत्यंत सावकाश वाढणारी, आणि घरात बाळगणं सरळ गुन्हा. माझ्या ओळखीच्या एका घरात ते पिढीजात टांगलेलं होतं आणि गृहिणी ते काढायला तयार नव्हत्या. मी वाद घातला नाही. वाद घालून इंद्रजाल खाली उतरत नाही.

त्या २००१ च्या यादीतला एक शिंपला आपल्या घरांच्या इतिहासाला फार जवळचा आहे. चपटा, गोल, अभ्रकासारखा, ज्यातून उजेड झिरपतो. काच महाग आणि दुर्मीळ होती तेव्हा पोर्तुगीज काळात गोव्यात त्याचे चौकोन कापून लाकडी पट्ट्यांच्या खाचांत एकावर एक सरकवत आणि खिडकी करत. जुन्या गोमंतकीय घरांत अजूनही अशा खिडक्या दिसतात. आतला उजेड दुधाळ, दुपारीही डोळ्याला न खुपणारा, आणि बाहेरच्याला आतलं काही दिसत नाही. समुद्रातून आणलेल्या वस्तूला घरात इतकं मोठं काम क्वचितच मिळालं असेल. आता तो शिंपला वेचायचा नाही. पण एखादं जुनं घर पाडताना अशी खिडकी भंगारात निघाली, तर ती वाचवण्यात जी कमाई आहे ती शंभर फ्रेममध्ये नाही.

पावसाळ्यात, अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणानंतर, उत्तनच्या किनाऱ्यावर जे दिसतं ते शिंपले नसतातच. एक जून ते एकतीस जुलै मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या, आणि भरतीच्या रेषेवर प्लॅस्टिकचा पट्टा. बाटल्या, चपला, थर्मोकोल, दोऱ्या. नैर्ऋत्य वारा समुद्रावरचं सगळं किनाऱ्याकडे ढकलतो. पण सगळं येत नाही, आणि काय येतं हे ठरवतं वजन. लिटरभर समुद्राचं पाणी साधारण १,०२५ ग्रॅम भरतं. तेवढ्याच जागेत मावणारं पॉलिप्रॉपिलीन नऊशेच्या आसपास, म्हणून तरंगतं. नायलॉन ११४० च्या घरात, म्हणून बुडतं. पाण्याची बाटली ज्या प्लॅस्टिकची असते ते तर नायलॉनहूनही जड, पण बूच लावलेलं असलं की आतल्या हवेवर ती प्रवास करते. बूच नसलेल्या बाटल्या तळाला. म्हणजे किनाऱ्यावर दिसतो तो समुद्रातल्या कचऱ्याचा हलका भाग, आणि आपण जिला सरसकट 'नायलॉनची दोरी' म्हणतो ती किनाऱ्यावर सापडली तर बहुधा नायलॉनची नसते. खात्री करायची तर तुकडा बादलीत टाका.

उत्तनची गंमत म्हणा, थट्टा म्हणा, अशी की कचरा त्याला दोन्हीकडून आहे. समुद्राकडून हा, आणि मागे धावगीच्या डोंगरावर मीरा-भाईंदर शहराचा घनकचरा प्रकल्प. त्याविरुद्ध गावकरी वर्षानुवर्षं भांडत आलेत. कॅलिफोर्नियात फोर्ट ब्रॅग नावाचं गाव आहे. त्यांनीही अनेक दशकं आपला कचरा समुद्रकाठी टाकला आणि १९६७ मध्ये थांबवला. लाटांनी बाटल्यांच्या काचा इतक्या घासल्या की आज तिथं गुळगुळीत, दुधट काचखड्यांचा किनारा झालाय आणि लोक तो बघायला जातात. म्हणून कुणी असं समजू नये की समुद्र सगळंच सुंदर करून परत देतो. काच ही वाळूपासूनच झालेली, ती पुन्हा वाळूकडे जाते. चपलेचं तसं नाही. लाट आणि ऊन तिचे तुकडे करतात, तुकड्यांचे कण करतात, आणि कण राहतात.

चपलांचा उपयोग केनियातल्या ओशन सोल या उद्योगानं केला. किनाऱ्यावर येणाऱ्या रबरी चपला धुऊन, थरावर थर चिकटवून त्यांतून रंगीत जिराफ आणि हत्ती कोरतात. देखणे असतात. तरी मला त्यांच्यापेक्षा चंडीगडचे नेकचंद जवळचे वाटतात. सार्वजनिक बांधकाम खात्यातले रस्ते निरीक्षक. पाडलेल्या घरांचे मोडके कप, विजेचे सॉकेट, फुटक्या बांगड्या हे सगळं ते १९५७ पासून गुपचूप गोळा करत राहिले आणि जंगलात त्यातून एक अख्खी नगरी उभी केली. १९७६ मध्ये ते रॉक गार्डन म्हणून लोकांना खुलं झालं. बांगड्यांचे तुकडे तिथं बायकांच्या पुतळ्यांची वस्त्रं झाली. मी लग्नातल्या फुटलेल्या हिरव्या बांगड्यांचे तुकडे पांढऱ्या सिमेंटात बसवून तुळशीच्या कुंडीचा काठ केला, तो त्यांनाच पाहून. घरच्यांना ते आधी आवडलं नव्हतं. फुटक्या बांगड्या घरात ठेवू नयेत म्हणतात.

आणखी एक वस्तू उचलायला हरकत नाही, समुद्रफेस. पांढरं, होडीच्या आकाराचं, नखानं ओरखडा निघेल इतकं ठिसूळ. नाव फेस असलं तरी फेसाशी संबंध नाही, ते माकुलाच्या पाठीतलं कवच. आत असंख्य बारीक कप्पे असतात आणि त्यांतलं पाणी-हवा कमी-जास्त करून माकूल वर-खाली होतो. सोनार त्याचे दोन तुकडे घासून सपाट करत, मध्ये अंगठी दाबत आणि उमटलेल्या ठशात चांदी ओतत. धुऊन उकळला तर पिंजऱ्यातल्या पोपटाला चोच घासायला आणि कॅल्शियमला. मी तो लाकडाच्या कडा मऊ करायला वापरते, पॉलिश पेपर संपला की.

आता दोरी. किनाऱ्यावर मिळणाऱ्या वस्तूंपैकी सर्वांत उपयोगाची हीच आणि सर्वांत दुर्लक्षित. उचलण्याआधी ती तळहातावर चोळा. हाताला पांढरी पूड किंवा टोचरे तंतू लागले तर उन्हानं ती कुजलीय. अशी दोरी घरात आणली तर ती रोज प्लॅस्टिकचे कण झाडत बसेल, तिला कचऱ्याच्या पोत्यातच टाकलेलं बरं. चांगली निघाली तर तीन-चार दिवस पाण्यात, मग दोन दिवस सावलीत, उन्हात नाही. पायपुसण्याला अंगठ्याएवढ्या जाडीची आठ-दहा मीटर लागते. मधोमध घट्ट गुंडी वळायची आणि तिच्याभोवती दोरी चकलीसारखी फिरवत न्यायची, प्रत्येक फेरी आतल्या फेरीला सुतळीनं शिवत. साधी सुई इथं मोडते. जाळं विणायची चपटी सुई घ्या, बंदरावरच्या दुकानात मिळते. टाका दोरीच्या पिळातून न्यायचा, वरून गुंडाळायचा नाही, म्हणजे सुतळी पायाखाली झिजत नाही. शेवटचं टोक मेणबत्तीवर वितळवून बंद करायचं, खिडकी उघडी ठेवून.

असंच एका आषाढात मी भाटेबंदरला भरतीच्या रेषेवर बसून दोऱ्यांचा गुंता सोडवत होते. एक कोळीण, वयानं माझ्या आईएवढी, जवळ येऊन बघत उभी राहिली. काय करणार याचं, तिनं विचारलं. पायपुसणं म्हटल्यावर ती हसली नाही. खाली बसली आणि माझ्यापेक्षा दुप्पट वेगानं गुंता सोडवू लागली. गाठी ती ओढत नव्हती, ढकलत होती, उलट्या दिशेनं. मोकळी झालेली प्रत्येक दोरी दोन्ही हातांत धरून झटका द्यायची आणि कान देऊन ऐकायची. कुजलेली दोरी वेगळी वाजते म्हणे. मला अजून ते ऐकू येत नाही.

सगळी दोरी मोकळी झाल्यावर तिनं लांब निळी दोरी वेगळी काढली, हातानं मापली, कोपरापासून बोटापर्यंत बारा वेळा, आणि खांद्यावर टाकली.

"ही वलांडीला होईल माझ्या. बाकीची ने तू, बाय."

दिवाळीनंतर तिच्या अंगणात गेले तेव्हा त्या दोरीवर बोंबील होते. आमच्या पायपुसण्याची शेवटची निळी फेरी मात्र अर्धीच राहिलीय.